विलासच्या खुर्चीमागचा झेंडा

शनिवारी दुपारी रेखाचा फोन आला की मी खेळाडूंच्या नावांची यादी पुढ्यात घेऊनच तो उचलत असे. तिच्या वडिलांना, म्हणजे विलासला, संध्याकाळच्या फुटबॉलच्या कार्यक्रमासाठी ती यादी लागायची. नावं त्याच्या लक्षात राहत नसत आणि चुकीचं नाव घेतलेलं त्याला खपत नसे. दीड महिन्यापूर्वीच्या त्या शनिवारीही, तो दवाखान्यात असताना, मी सवयीने पहिलं नाव वाचून टाकलं. पलीकडून ती म्हणाली, "काका, राहू द्या... बाबा गेले."

विलास मोशीचा, जुन्या शेतकरी घरातला. पिंपरीच्या आमच्या कंपनीत तो फाउंड्रीत होता, मी स्टोअरमध्ये. जेवणाच्या सुट्टीत मी पुस्तक उघडलं की समोर डबा ठेवून म्हणायचा, "मास्तर, ह्यात बॉल कुठं हाय?" कंपनीच्या फुटबॉल संघात तो हाफबॅक. उंची बेताची, पण समोरच्याला वाट द्यायची असते हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. पंचाशी भांडल्याशिवाय त्याचा सामना संपत नसे. चाकणच्या एका संघातले खेळाडू मैदानात उतरण्याआधी विचारायचे, "तो मोशीवाला आलाय का राव?" आला असेल तर एकावर एक दोन मोजे चढवायचे.

मला खेळता येत नव्हतं. पण कंपन्यांच्या सामन्यांत प्रत्येक संघाने आपला एक माणूस लाइनवर उभा करायची रीत होती. हा पुस्तकं वाचतो म्हणजे नियमही कळत असतील, असं ठरवून ते काम माझ्याकडे आलं. वेल्डिंगच्या सळीला मशीन पुसायचा पिवळा फडका बांधला की झाला झेंडा; फाउल दिसला की तो वर करायचा. आपल्याच माणसांना झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये, याची मला सतत धास्ती असे.

एका वर्षी सेमीफायनलला राज्याच्या संघासाठी खेळाडू निवडणारे दोघे येऊन बसले होते. विलासला आधीच एक पिवळं कार्ड मिळालं होतं. माझ्यापासून दहा पावलांवर त्याने घसरत जाऊन पाय घातला, समोरचा कोसळला, आणि माझा हात वर गेला. पाय आधी चेंडूलाच लागला होता, अगदी स्वच्छ, हे हात वर जाता जाताच मला कळलं... पण तो खाली घेता आला नाही. त्याच्याच संघाच्या माणसाने झेंडा दाखवला म्हटल्यावर पंचाला शंका उरली नाही. दुसरं कार्ड, आणि बाहेर. विलास त्या दिवशी पंचाशी भांडलाही नाही. जाताना फक्त माझ्याकडे बघितलं. झेंडा मी तिथेच टाकून घरी आलो. राज्याच्या संघाचं बोलावणं त्याला कधीच आलं नाही.

कंपनी सोडल्यावर तो फुटबॉलवर बोलायला लागला. आधी गावातल्या केबलवर, मग रेखाने त्याला मोबाइलवर चॅनेल काढून दिलं. मोशीच्या घरातली वरची खोली, एक टेबल, आणि खुर्चीमागच्या फळीवर पेनांच्या मगात खोचलेली ती सळी, फडक्यासकट. पहिल्याच दिवशी मी ती ओळखली. "ह्यो पंच हाय का पाव्हणा? नुसता मॅच बघाय आलाय," असं त्याचं सुरू झालं की लोक चिडत, खाली वाट्टेल ते लिहीत, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा हजर होत. एकदा कुणीतरी विचारलं, तुमच्यावर सगळ्यात मोठा अन्याय कुणी केला? त्या दिवशी मीही खोलीत, माझ्या नेहमीच्या कोपऱ्यात यादी घेऊन बसलो होतो.

"माझ्यावर? न्हाई बा. मीच लई जणांना लाथा घातल्यात," तो म्हणाला आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला.

दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा मी धीर करून सुरुवात केली, "विलास, त्या सेमीफायनलला..." त्याने भिंतीवरच्या टीव्हीकडे बोट केलं. "मास्तर, बॉल बघ की. बोलतो काय."

परवा रेखाने खोली आवरायला बोलावलं. फळी पुसताना तिने सळी उचलली. फडका पार फिका पडला होता.

"काका, हे कसलं हो? बाबांना विचारलं की म्हणायचे, मास्तरला विचार."

मी त्याच्या खुर्चीत न बसता माझ्या कोपऱ्यातच बसलो आणि तिला सगळं सांगितलं. फाउल नव्हता, हे पहिल्यांदाच मोठ्याने म्हणालो. तिने माझ्याकडे बघितलं, अगदी त्याच्यासारखं, आणि झेंडा माझ्यापुढे धरला.

मी तो घेतला, आणि पुन्हा मगात नेऊन ठेवला.