दादाने पास केलेला फंड

माझ्या मोठ्या भावाला कारखान्यात सगळे ‘नापास’ म्हणत. शाळेत तो कधी नापास झाला नव्हता. तो दुसऱ्यांना करायचा. पंपांचे दांडे बनवणाऱ्या कारखान्यात दादा तपासनीस होता. लेथवरून उतरलेला दांडा त्याच्या टेबलावर यायचा, आणि दादा हातात पोलादी गेज घेऊन बसलेला असायचा. या गेजला दोन तोंडं असतात. एका तोंडातून दांडा गेला पाहिजे, दुसऱ्यातून जाता कामा नये. किती कमी, किती जास्त, हे गेज सांगत नाही. फक्त पास की नापास, एवढंच.

“अहो, केसाएवढा तर फरक आहे,” एखादा लेथवाला गयावया करायचा.

“मग तो केस डोक्यावर ठेव ना, दांड्यावर कशाला?” असं म्हणून दादा तो दांडा लाल पेटीत टाकायचा.

त्याने लग्न केलं नाही. मुलींनाही गेज लावत बसला असेल, असं आमची आई म्हणायची. माझे यजमान गेले तेव्हा तो चार दिवसांसाठी म्हणून आमच्याकडे आला आणि राहिलाच. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तो पंचाहत्तरीचा आहे, मी सदुसष्ट वर्षांची, तरी मला अजून ‘बारके’ म्हणूनच हाक मारतो.

घरात तिसरी छकुली, माझी मुलगी. नाव छकुली असलं तरी वय चौतीस. जन्माच्या वेळी तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला. ती कपडे छान घड्या घालून ठेवते, रेडिओवरचं गाणं पहिल्या सुरात ओळखते, मामाचा चष्मा हरवला की तीच शोधून देते. पण रस्ता, पैसा आणि विस्तव या तीन गोष्टी तिला कळत नाहीत. आमच्यामागे हिचं काय, हा एकच प्रश्न आमच्या घरात सकाळी उठायच्या आधी उठतो.

शहराबाहेर अशा मोठ्या वयाच्या मुलांसाठी एक निवासी घर आहे. स्वच्छ आहे, तिथली माणसं चिडत नाहीत. घर चालवणाऱ्या बाईंनी आम्हाला सरळ सांगितलं होतं, “ताई, देणगी नको. तिच्या नावावर दरमहा फी भागेल असं कायमचं उत्पन्न दाखवा. आईवडील गेले की पुढे फी कोण देणार, तिथेच सगळं अडतं.”

दादाची निवृत्तीची रक्कम होती, माझ्या यजमानांच्या विम्याचे पैसे होते. ते बँकेत ठेवले तर धोका काहीच नव्हता, पण व्याजात फी भागत नव्हती. रोज संध्याकाळी दादा तोच हिशोब नव्याने मांडायचा, जणू आकड्यांना त्याची दया येणार होती.

खालच्या मजल्यावरच्या शेजारणीचा जावई फंड विकायचा. आम्हीही त्याला जावईबापूच म्हणायचो. पोरगा प्रामाणिक. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्याने सगळं समजावलं.

“काका, हा इन्कम फंड. तुमच्यासारख्या हजारोंचे पैसे गोळा करून तो कंपन्यांना कर्जाऊ देतो. येणाऱ्या व्याजातून दर महिन्याला तुम्हाला वाटप. बँकेपेक्षा जवळजवळ दीडपट.”

“मग बँक का देत नाही दीडपट? तिला काय पैसे चावतात?”

“बँक जोखीम स्वतःवर घेते म्हणून. इथे एखादी कंपनी बुडाली तर फटका तुम्हाला. बाजारातले व्याजदर वाढले तर तुमच्या युनिटची, म्हणजे फंडातल्या तुमच्या हिश्श्याची, किंमत उतरते. आणि वाटपाची हमी नाही, हे आधीच सांगतो. व्याज कमी जमलं तर फंड तुमच्या मुदलातून काढूनही वाटप करू शकतो.”

“म्हणजे माझ्याच खिशातून काढून माझ्याच हातावर ठेवणार, आणि मी थँक्यू म्हणायचं?”

जावईबापू हसला. “तसंच समजा.”

“ते मला कळणार कसं?”

“युनिटच्या किमतीवर लक्ष ठेवायचं. ती सारखी घसरत राहिली तर सावध व्हायचं.”

दादाने मान डोलावली. “आधी थोडे टाकून बघू. नमुना तपासल्याशिवाय मी लॉट पास करत नाही.”

वर्षभर त्याने नमुना तपासला. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला फोन टिंग करायचा, दादा चष्मा चढवून आकडा बघायचा आणि ओरडायचा, “पास!” छकुली जिथे असेल तिथून टाळ्या वाजवायची, “पास! पास!” त्या वर्षात व्याजदर वर गेले, खाली आले, बातम्यांत कंपन्यांची रडगाणी झाली. आमचं वाटप मात्र जराही हललं नाही.

“दादा, युनिटची किंमत उतरलीये रे थोडी,” मी एकदा म्हटलं.

“बारके, युनिट म्हणजे शेडमधली हवा. कधी गरम, कधी गार. आपण हवा मोजत नाही, दांडा मोजतो. हातात काय पडलं ते बघ. बारा वेळा तेच माप. एवढं सरळ काम माझ्या लेथवाल्यांनीही कधी केलं नाही.”

ज्याने उभं आयुष्य केसाएवढा फरक सोडला नाही, त्याने पास म्हटलं म्हणजे झालंच. आम्ही होतं नव्हतं ते छकुलीच्या नावाने त्या फंडात टाकलं. बाईंनी कागद पाहिले आणि नव्या खोल्या तयार झाल्या की जागा द्यायचं कबूल केलं. छकुलीला खोली दाखवायला नेलं तेव्हा तिने खिडकीजवळची खाट निवडली आणि तिच्यावर आपली ओढणी घडी घालून ठेवून दिली. परत घ्यायला तयारच होईना. शेवटी बाई म्हणाल्या, “राहू दे. जागा धरली तिने.”

नव्या खोल्यांना रंग लागत होता तेव्हा फंडाने ज्यांना कर्ज दिलं होतं त्यातल्या दोन मोठ्या कंपन्यांनी हात वर केले. पहिल्या महिन्यात वाटप निम्मं आलं. पुढच्या महिन्यात फोन वाजलाच नाही. मग कळलं की फंडाने लोकांना आपले पैसे काढू देणंही बंद केलं आहे, कधी सुरू होईल ते माहीत नाही.

जावईबापू वर आला. खुर्ची पुढे केली तरी बसला नाही.

“काका, वाटप एकसारखं येत होतं ना, ते तसं येणं शक्यच नव्हतं. व्याज कमी पडेल त्या त्या महिन्यात ते मुदलातून भरत होते. म्हणून किंमत उतरत होती.”

दादाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “म्हणजे दांडा झिजत होता आणि मी माप बरोबर आलं म्हणून टाळ्या पिटत होतो.”

“उरलेली किंमत निम्म्याच्याही खाली आहे. तीही हातात कधी येईल...” तो अडखळला. “माझ्या सासूबाईंचेही त्यातच आहेत, काका. त्या माझ्याशी बोलत नाहीत.”

त्याच्यावर तरी काय ओरडणार? त्याने सगळं सांगितलंच होतं. आणि दादाने काही हयगय केली नव्हती. तो जसं काम करायचा तसंच त्याने हेही केलं. लोखंडाचं माप हललं नाही तर काम चांगलं. लोकांना दिलेल्या कर्जाचं व्याज हललंच नाही तर कुठेतरी पाणी मुरतंय. पण हे त्याच्या टेबलावर कधी आलंच नव्हतं.

बाईंनी दोन महिने जागा अडवून धरली. मग फोन आला. “ताई, आणखी थांबवणं माझ्या हातात नाही.” खिडकीजवळची खाट दुसऱ्या कुणाला गेली. छकुलीची ओढणी त्यांनी धुऊन, इस्त्री करून परत पाठवली. ती पाहून छकुलीने विचारलं, “आता जायचं?”

दादा कारखान्यात काम मागायला गेला. फाटकावरच्या रखवालदाराने ओळखलं, चहा पाजला आणि सांगितलं, “नापास, आता तिथे कॅमेरा बसवलाय. त्याला पेन्शनपण द्यावी लागत नाही.” हा विनोद दादानेच मला येऊन सांगितला. सांगताना हसायला मात्र विसरला.

दुसऱ्या दिवसापासून तो छकुलीला गॅस शिकवू लागला. रोज सकाळी, मी भाजी आणायला गेले की. दूध ठेवायचं, वर आलं की बटण फिरवायचं. “निदान एवढं तरी,” तो म्हणतो. त्या ‘निदान’च्या पुढे काय काय आहे ते आम्हा दोघांनाही माहीत आहे.

आज मी लवकर परतले. दारातूनच करपल्याचा वास आला. दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली गळत होतं, शेगडी भडकलेली होती, आणि छकुली हात मागे बांधून, लेथवाल्यांसारखी, मामाच्या तोंडाकडे बघत उभी होती.

“मामा, पास?”

दादाने दुधाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“पास गं, छकुले,” तो म्हणाला, आणि तिला दिसू नये असा तिच्या पाठीमागून हात घालून त्याने बटण बंद केलं.