लायसन माझ्या नावाचं

"बंदूक आत ठेव. तू बाहेर बस."

मालकांनी मला नोकरीवर घेताना एवढंच म्हटलं. जळगाव जामोदच्या बाहेर त्यांची जिनिंग होती, कापसातली सरकी काढायची गिरणी. स्वतःची बंदूक असलेला रखवालदार त्यांना हवा होता. माझे वडील पलटणीतून रिटायर होऊन आले तेव्हा त्यांनी बारा बोअरची बंदूक घेतली होती. ते वारले आणि लायसन माझ्या नावावर झालं. आमच्या बौद्धवाड्यात तेवढी एकच बंदूक.

दिवसभर ती मालकांच्या खुर्चीमागे उभी असायची. पाहुणे आले की मालक ती हातात घेऊन दाखवायचे. मी पायरीवर. माझा चहा कागदी कपात, बाकीच्यांना कपबशी. बंदुकीला आत जागा होती. मला नव्हती.

लायसन देताना ठाण्यातल्या हवालदारानं बजावलं होतं, "ज्याच्या नावावर लायसन, बंदूक त्याच्याच हाती. दुसऱ्याच्या हाती गेली तर आधी तू आत."

मी हे मालकांना सांगून पाहिलं. ते हसले. "पगार मी देतो ना तुले? मंग बंदूक कोनाची झाली बे?"

माझी बायको सुमन त्याच जिनिंगमध्ये कापसातला कचरा निवडायची. दोघांची चूल तिथूनच पेटत होती. मी पायरीवर जाऊन बसलो.

मग बीटी कापसातही गुलाबी अळी शिरली. बोंडं वरून भरलेली, आतून किडकी. गाड्यांची रांग सडकेपर्यंत लागायची आणि मालक मूठभर कापूस हातात घेऊन फेकून द्यायचे. "हा माल नाही, कचरा हाये. वापस घेऊन जा."

त्या दिवशी रांगेत पुढे कासमचाचा होते. वडिलांचे दोस्त. आमच्या घरी येऊन आमच्या ताटात जेवणारे.

"कालपासून उभा हाये, सेठ," चाचा म्हणाले. "मोजून तर पाहा."

मागचे लोक पुढे सरकले. आवाज वाढला. मालक आतून बंदूक घेऊन आले आणि त्यांनी ती माझ्या छातीवर आदळली.

"धर त्याह्यच्यावर."

"मानसावर नाही धरत, मालक."

त्यांचा मुलगा, ज्याला आम्ही 'धाकटे मालक' म्हणायचो, शेजारीच होता. त्यानं बंदूक हिसकली. "तुह्यासारख्याच्या हातात शोभते काय हे?" आणि हवेत बार काढला.

बैल उधळले. चाचा गाडीच्या पुढ्यात होते. भरल्या गाडीचं चाक त्यांच्या मांडीवरून गेलं. 'या अल्ला' एवढंच ऐकू आलं.

त्यांना दवाखान्यात नेलं, आणि मालकांनी मला आत बोलावलं. पहिल्यांदाच. खुर्चीवर बसवलं. स्टीलच्या गिलासात थंड पाणी दिलं.

"ठाण्यात सांग, का बार तुह्याच हातून उडाला. वकील मी देतो. पगार चालू राहीन. बायकोले पर्मनंट करतो."

पाण्याकडं पाहिलं. तहान होती. घोट घेतला नाही. उठलो.

"मालक, बंदूक माही हाये. बार तुमच्या पोरानं काढला."

त्यांचा चेहरा बदलला. "तुमच्या लोकायले खुर्ची देली का असंच होते."

मी सरळ ठाण्यात गेलो आणि जे झालं ते सांगितलं. बंदूक जप्त झाली. लायसन गेलं. नोकरी गेली. सुमनला गेटवरूनच परत पाठवलं. ती घरी आली, माझ्याजवळ बसून राहिली.

चाचा अकोल्याच्या दवाखान्यात वारले. त्यांच्या जनाज्याला मी खांदा दिला.

रांगेतल्या लोकांना कापूस तिथंच विकायचा आहे. बार कोणी काढला ते कोणालाच दिसलं नाही म्हणे. मी एकटाच साक्षीला उरलो. त्या बापलेकांचा वकील म्हणतो, तुझी बंदूक दुसऱ्याच्या हातात गेलीच कशी? मलाही शिक्षा होऊ शकते.

होऊ द्या.

तारीख लागली की मी कठड्यात उभा राहीन. बार काढणाऱ्याकडं बोट दाखवीन. त्याचं आणि त्याच्या बापाचं पूर्ण नाव घेईन. 'धाकटे मालक' म्हणणार नाही.

'मालक' हा शब्द आता माझ्या तोंडून कोणासाठीच निघणार नाही.