आप्पांचा कर्सर

लकव्यानं माझ्या सासऱ्यांची, आप्पांची, डावी बाजू गेली आणि जीभ जड झाली. डोकं मात्र शाबूत. साखर कारखान्यात फिटर म्हणून यंत्रांच्या वर आवाज चढवून बोललेला माणूस, आता घशातून नुसती घरघर काढायचा. आम्हाला एक शब्द कळायचा नाही. म्हणून कासुर्डीच्या आमच्या घरातल्या जुन्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवर, पडद्यावरच दिसणारा मराठी कीबोर्ड मी त्यांना लावून दिला. उजव्या हातानं माउस सरकवत ते एकेका अक्षरावर कर्सर न्यायचे आणि दाबायचे. ‘चहा’. ‘पंखा कमी’. एकदा लिहिलं, ‘पोरी, दमलीस.’

त्या सकाळी नवरा ड्युटीवर गेला होता, घरात आम्ही दोघंच. मी भाजी चिरत होते. आप्पांनी टेबलावर हात आपटला म्हणून धावत गेले, तर पडद्यावर ‘पखखखटझझ’ असलं काहीतरी. कर्सर कोपऱ्यात पळत होता, परत येत होता, भलत्याच अक्षरावर थरथरत होता.

दुसरा झटका येऊ शकतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

चाकाच्या खुर्चीपुढे मी उकिडवी बसले. “आप्पा, माझा हात दाबा.”

दाबला, चांगला घट्ट.

“हसून दाखवा.”

ओठ वाकडेच झाले. पण रोजच्यापेक्षा जास्त वाकडे का? कालचं हसू काही केल्या आठवेना. त्यांचे डोळे माझ्यावरच खिळले होते. माझ्याइतकेच ते घाबरलेत हे दिसत होतं.

नवऱ्याला फोन लावला.

“आप्पा बरं हायती ना?”

“कळत नाही. लिहिताच येईना त्यांना.”

“गाडी घिऊन निघालोच. तवर त्यांला सोडून कुठं जाऊ नगं.”

वाट बघताना सुचलं म्हणून माउस मी हातात घेतला. माझ्या हाताखालीही कर्सर तसाच उधळला. म्हणजे आप्पांचा हात बरा आहे! माउसचं पोट पुसलं, खाली कोरा कागद ठेवला. फरक नाही. शेवटी माउसची वायरच उपसली.

कर्सर तरीही चालत राहिला.

आता वेगळीच भीती वाटली. कुणी बाहेरून आत शिरलंय की काय? वायफाय बंद केलं, तरी थांबेना. मग टर्मिनलची काळी खिडकी उघडून जोडलेल्या वस्तूंची यादी मागवली. घाईघाईत टाइप केलेली आज्ञा तीनदा चुकली. यादीत आमचा नेहमीचा कीबोर्ड होता, आणि त्याखाली एक टचपॅड, बोट फिरवून कर्सर हलवायची पाटी, जी आमच्या कॉम्प्युटरला नव्हतीच. तो बंद केला. कर्सर जागच्या जागी थिजला.

तेव्हा आठवलं. सकाळी गादी झाडताना टीव्हीसाठी घेतलेला, टचपॅड असलेला तळहाताएवढा बिनवायरचा कीबोर्ड सापडला होता. तो मीच खुर्चीच्या डाव्या बाजूच्या पिशवीत टाकला होता. मधे एकदा कॉम्प्युटरला लावून बघितला होता, तेव्हापासून त्याचा रिसीव्हर मागे खोचलेलाच होता.

मी पिशवीत डोकावले. आप्पांचा डावा हात घसरून आत गेला होता आणि बोटं टचपॅडवर टेकली होती. त्यातलं मधलं बोट हलत होतं.

सहा महिने ज्या हाताला टाचणी टोचलेली कळत नव्हती, तो हात हलत होता. पण आनंद वगैरे काही झाला नाही. झटका असाच सुरू होतो का, एवढंच मनात आलं. ते बोट मुठीत धरून मी नवरा येईपर्यंत तशीच बसले.

दौंडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, झटका नाही. मग म्हणाले, “आप्पा, डावं बोट उचला.” दोनदा काहीच झालं नाही. तिसऱ्यांदा बोट जरासं वर आलं. “आखडल्यामुळंही हलतं. पण हे सांगितल्यावर हललंय. व्यायाम सोडू नका.”

घरी आल्यावर आप्पांनी आधी माउस मागितला. सावकाश लिहिलं, ‘वाटलं, आता हेबी गेलं.’

“मलाबी,” मी म्हणाले.

अजूनही कर्सर जरा अडखळला, की मी पडद्याकडे नंतर बघते. आधी त्यांच्या तोंडाकडे.