ताप उतरला? पाय दाखवा!

पावसाळा सरता सरता आमच्या दवाखान्यात दोन गोष्टी साचतात. मागच्या अंगणातल्या जुन्या टायरांत पाणी, आणि आमच्यात किस्से. टायर कुणाचे ते कुणालाच माहीत नाही, पण पाणी मी रोज सकाळी ओतून टाकतो. किस्से कुठे ओतणार? म्हणून इथे.

दवाखाना तापीकडच्या सपाटीवरचा, वीस खाटांचा. मी तिथला वॉर्डबॉय. वय पासष्टीच्या पुढे, पण हुद्दा अजून 'बॉय'च! शाळेची पायरी चढलो नाही, म्हणून मी सांगतो आणि लॅबमधला भिका लिहून घेतो. त्याचं अक्षर त्याचं त्यालाच लागतं, पण चालायचंच.

*

आधी एक न हसण्याचा सांगतो. त्याशिवाय बाकीचे नीट कळायचे नाहीत.

रमेश म्हणून एक जण चौकात सायकली दुरुस्त करायचा. त्याला डेंग्यू झाला. पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला, तसे घरचे हट्टाने त्याला घेऊन निघाले. मीच हाताला धरून रिक्षात बसवलं. हात गार लागला. मला वाटलं, ताप गेला म्हणजे हात गार होणारच. संध्याकाळी परत आणला, पण मोठ्या दवाखान्यात न्यायच्या आत सगळं संपलं.

आमच्या डॉक्टर मॅडम वयाने लहान, माझ्या धाकट्या मुलीएवढ्या. त्या रागावल्या नाहीत. बाकावर शेजारी येऊन बसल्या.

"मामा, डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच जास्त जागं राहायचं. पुढचे दोन दिवस पोट दुखलं, उलट्या थांबल्या नाहीत, लघवी कमी झाली, पाय गार पडले, की मला हाक मारा. मी जेवत असले तरी."

थर्मामीटरचे आकडे मला कळत नाहीत. पाय कळतात. तेव्हापासून मी पाय बघतो. तळवा धरला की दोन श्वासांत समजतं.

*

आता म्हाताऱ्या माणसाने वाकून तरण्यांचे पाय धरायचे, म्हणजे पंचाईतच!

भटू पाटील नावाचे एक बागायतदार दाखल होते. मी पाय धरले, तसे ते खाटेवर उठून बसले.

"ओ बाबा! हाई काय करी ऱ्हायना? पाप लागी माले!"

"पाप मन्हं ऱ्हाऊ दे, भाऊ. तू पाय दे."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने पाय दोन गोधड्यांत गुंडाळून ठेवले. बाहेर काढले तर भाकरीसारखे ऊन! मी गोधड्या बाजूला सारल्या आणि घटकाभर तसाच बसून राहिलो. पाय खरं बोलायला थोडा वेळ घेतात.

आमच्या सुमन सिस्टर तिथूनच चालल्या होत्या. या मूळच्या धडगावकडच्या, आणि आख्खा वॉर्ड त्यांच्या आवाजावर चालतो. मला बघून म्हणाल्या, "मामा, तपासताय की पूजा मांडलीय? हळदकुंकू आणू?"

*

बाजारपेठेतले एक मिरचीचे शेठ. ताप आल्यावर पाच दिवस पपईचा पाला कुटून प्यायले, शेजारच्यांच्या गोळ्या खाल्ल्या, आणि सहाव्या दिवशी आमच्याकडे आले. भिकाने रक्त तपासलं. डेंग्यूचा विषाणू दाखवणारी पट्टीवरची पहिली रेघ काही उमटली नाही. शेठ खूश!

"डेंग्यू नाहीच! चला घरी!"

भिका म्हणाला, "शेठजी, पहिल्या दिवसांत तुम्ही आला असतात तर चोरच धरून दिला असता. आता तो पळाला असेल. थांबा, त्याने रक्तात सोडलेली पावलं बघू."

दुसऱ्या पट्टीवर रेघ चांगली ठळक आली. शेठ मटकन खाली बसले.

"पण चोर गेला ना?"

"गेला. आता घर सांभाळायचंय!"

*

मग शेठ दाखल झाले आणि रोज सकाळी खाटेवरून पुकारा सुरू. "भिकाभाऊ, आज प्लेटलेटचा काय भाव?" कालच्यापेक्षा कमी निघाल्या की सगळ्या वॉर्डाचं तोंड उतरायचं, जणू मार्केट यार्डात मिरचीचा भावच पडला.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "शेठजी, नुसता भाव विचारता. माल कसा आहे ते कधी बघायचं? लघवी किती वेळा झाली ते सांगा."

शेठ लाजले. पण दुसऱ्या दिवसापासून मॅडम दारात दिसल्या की वॉर्डभर ऐकू जाईल असं सांगायचे, "आज चार वेळा!"

*

एकदा मॅडमनी डेंग्यूचा संशय असलेल्या एका पेशंटच्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा आवळला आणि पाच मिनिटं तसाच ठेवला. पट्टा काढल्यावर खाली लाल बारीक ठिपके उठले. मॅडमनी पेनाने छोटा चौकोन आखला.

"मामा, तुमची लांबची नजर चांगली, जवळची बघू. मोजा."

आम्हा जुन्या माणसांची मोजणी विसाची. मी सावकाश मोजून सांगितलं, "एक वीस, आणि वर चार."

मॅडम हसल्या. "आमचं पुस्तकही म्हणतं, विसाच्या वर गेले की सावध!"

मी म्हटलं, "मग पुस्तक लिहिणारा आमच्याच बाजूचा असणार!"

*

आता शेवटचा. भटू पाटील वॉर्डात होते, त्याच आठवड्यातला.

सुमन सिस्टरनाच ताप आला. भिकाने दुसऱ्याच दिवशी तपासलं, पहिली रेघ लगेच उमटली. सिस्टर घरी झोपल्या. पाचव्या दिवशी सकाळी पांढरा ड्रेस घालून हजर!

"ताप उतरला. घरी काय भिंती बघत बसू?"

सगळे खूश. त्यांनी कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या, तेव्हा बोटं लागली. गार. मला रमेशचा हात आठवला.

"सिस्टर, बूट काढा."

"मामा, मी काय पेशंट आहे?"

"काढा."

"सगळे बघताहेत. लाज आणू नका."

मी सरळ फरशीवर बसलो आणि बूट धरला. माझे गुडघे एकदा वाकले की लवकर उठत नाहीत, हे सिस्टरना माहीत होतं.

खाटेवरून भटू पाटील ओरडले, "ताई, पाय दी दे! मीबी रोज दी ऱ्हायनू!"

वॉर्ड हसला. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांचा हात पोटावर होता.

मोजा काढला. तळवा गार आणि ओला. दुसराही तसाच.

मी हाक मारली. मॅडम डबा उघडा टाकून आल्या. त्यांनी नख दाबून सोडलं, तर लाली परत यायला फार वेळ लागला. तिथेच भटू पाटलांच्या शेजारच्या खाटेवर सलाइन लागलं, आणि थोड्या वेळाने मोठ्या दवाखान्याची गाडी आली. गाडीचं दार लागेपर्यंत पाय माझ्या हातात होते.

पुढचे आठ दिवस मी वॉर्डातल्या एकाचेही पाय सोडले नाहीत. नवव्या दिवशी मॅडमनी सांगितलं, "मामा, सिस्टर आज उठून बसल्या."

तीन आठवड्यांनी सकाळी मी अंगणात टायर उलटे करत होतो. फाटकातून सिस्टर आल्या. वाळलेल्या, ड्रेस ढगळ झालेला. वॉर्डात न जाता सरळ माझ्याकडे आल्या आणि वाकल्या.

मी मागे सरकलो. "अहो सिस्टर, हे काय! चिखलाचे पाय आहेत!"

"मामा, हलू नका. गार आहेत का बघतेय."

पाय बघायला मला दोन श्वास लागतात. सिस्टरना बराच वेळ लागला.