कारंजा स्टँडवरून विमानतळ

कारंज्याच्या स्टँडवर आम्हा चौघांच्या टॅक्स्या उभ्या असतात. नागपूर एअरपोर्टची भाडी आमचीच. सीटखाली शेंगांची टरफलं साचत जावीत, तसे आमच्याकडे किस्से साचलेत. अन् गंमत बघा, चौघांपैकी विमानात एकही बसलेला नाही! आमचं विमानतळ काचेच्या दाराशी संपतं.

*

आमच्यातल्या गजूभाऊची सासुरवाडी केनवडची. तिथं एक बडे साहेब हेलिकॉप्टरनं येणार होते. गजूच्या सासऱ्याचं वावर रस्त्याला लागून. घाट्यावर आलेला हरभरा उपटून तिथं हेलिपॅड केलं. धूळ उडू नये म्हणून टँकरनं पाणी मारलं. बाया रिकाम्या घागरी घेऊन बघत उभ्या!

साहेब आलेच नाहीत. दुसरीकडं कार्यक्रम लांबला म्हणे.

नुकसान लिहायला कर्मचारी आला. त्याच्या फॉर्मवर कारणं तीनच : गारपीट, अतिवृष्टी, कीड. "बाबा, काय लिहू?"

सासरा म्हणाला, "लिहा ना साहेब, आभायातून काईच आलं नाई, तरी वावर साफ झालं!"

*

धनजच्या सुमनबाई भाजीपाला पिकवतात. लेकीकडे पुण्याला निघाल्या, तेव्हा सलीमभाईनं सोडलं. लेकीच्या गॅलरीतल्या कुंड्यांसाठी त्यांनी पिशवीत खुरपं घेतलं होतं. तपासणीत ते निघालं.

"बाई, हे हत्यार आहे. नेता येणार नाही."

"हत्यार कायचं बाप्पा? याच्यावर चार लेकरं जगवली म्या!"

खुरपं जप्तीच्या डब्यात गेलं. परत आणायलाही सलीमभाईच गेला, तर त्याच्याशी पुण्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. खुरप्याचंच बोलत होत्या.

*

आम्हाला शाळेत शिकवलेले गुरुजी, आता रिटायर्ड. लेकीचं ऑपरेशन होतं बंगलोरला, जावयानं त्याच दिवसाचं विमानाचं तिकीट पाठवलं. "टॅक्सी कायले? एसटी जाते ना नागपूरले," म्हणाले.

एसटी नागपूरला जाते हो, एअरपोर्टला नाही! कंडक्टरनं हायवेवर उतरवलं. एकही रिक्षा थांबेना. बॅग डोक्यावर घेऊन, भर उन्हात, सत्तरीचा माणूस चालत गेटवर पोचला.

जवानानं विचारलं, "चाचा, किसको छोड़ने आए?"

"खुद को!"

काउंटर दहा मिनिटांपूर्वीच बंद झालं होतं. योगायोगानं मी तिथंच एक भाडं सोडून निघालो होतो, त्यांना घेऊन आलो. अख्ख्या रस्त्यात एकदाच बोलले. घड्याळ बघून.

"आता आत नेलं असंन तिले."

*

इंझोरीचा प्रकाश हैदराबादला इंजिनिअर. सकाळी बाप गेल्याचा फोन आला, मिळेल त्या विमानानं निघाला. मी आणायला गेलो. गाडीत बसता बसता त्यानं सांगितलं, विमानात पुढच्या रांगेत एक नेते होते. डोळे पुसताना बघून स्वतः जवळ आले, खांद्यावर हात ठेवला. "काही अडलं तर हक्कानं सांगा."

एअरपोर्टच्या बाहेर वळलो, तर पोलिसांनी अडवलं. ताफा जायचा होता. त्याच नेत्यांचा! पाऊण तास एका जागी. प्रकाश उतरून शिपायापुढं हात जोडून उभा राहिला. "माहा बाप वाट पाहून राह्यला, भाऊ." शिपायानं मान खाली घातली, दोर काही सोडला नाही.

इंझोरीला पोचलो तेव्हा चिता अर्धी जळाली होती. दिवस मावळायच्या आत करणं भाग होतं. थोरला भाऊ पुढं आला.

"तू तं इमानानं आला ना? मंग उशीर काहून झाला?"

*

आमच्या शेजारच्या शेवंताबाईचा लेक संतोष आखातात गवंडीकामाला गेला. तिसऱ्या वर्षी परांचीवरून पडला. पेटी नागपूरला येणार होती. ॲम्ब्युलन्स सांगितली, अन् शेवंताबाईला मी माझ्या गाडीत नेलं.

तिनं एअरपोर्ट पहिल्यांदाच बघितलं. माणसं बाहेर येतात त्या दाराशी जाऊन उभी राहिली. तिला तिथून हलवताना माझा जीव गेला. पेटी सामानाच्या बाजूला, कार्गोच्या गेटवर मिळते.

खिडकीतल्या क्लार्कनं कागद वाचला. नाव, पासपोर्ट, पेटी एक नग. "वजन एकशे अठरा किलो. बरोबर? इथं अंगठा द्या."

शेवंताबाईनं अंगठा शाईत टेकवला अन् तसाच धरून ठेवला.

"एकशे अठरा?" तिनं मला विचारलं.

मी मान हलवली.

"इथून गेला तवा साठचाबी नव्हता माहा संतोष." तिनं कागदावर अंगठा उठवला. "तिकडं खायले-प्यायले चांगलं देत होते म्हनायचं."