हिरड्याचे मक्तेदार

पोलादपुरात आमचे शेजारी म्हणजे हिरड्याचे मक्तेदार. त्यांचं नाव कुणी घेत नसे. त्यांचा खोकला मात्र अख्ख्या आळीला पाठ होता, आणि त्यांचे दोन शब्दही: "जाणार कुठं?"

डोंगरातला हिरडा विकायचा तर त्यांनाच. सरकारी लिलावात पंधरा वर्षं मक्ता त्यांचा. दुसऱ्यानं किलोभर घेतला तरी गुन्हा. कातडी कमवायला हा हिरडा महाड बंदरातून मुंबईला जाई. वरच्या वाड्यांवरचे धनगर पाट्या घेऊन डोंगर उतरत. भाव ऐकून एखादी बाई म्हणे, "येवढाच व्हय?" मक्तेदार तागडीवरून मान न उचलता म्हणत, "जाणार कुठं?" खरंच, जाणार कुठं बिचारे!

पण माल टाकला की ओट्यावर पाणी प्यायलाही कुणी थांबत नसे. बायको गेलेली, मूलबाळ नाही. एकदा मला म्हणाले, "मास्तर, सगळ्यांना माझ्याकडे यावंच लागतं. म्हणून कुणी येत नाही." मी हसलो. मी तरी कुठला शहाणा? भिंतीला भिंत, पण कधी चहाला गेलो नाही.

मग एका साली मक्ता दुसऱ्यानं नेला. ओटा ओस पडला. मक्तेदार दार लावून आत बसू लागले.

एका सकाळी एक धनगर म्हातारी दारात आली. खिडकीतून पाटी दिसताच ते आतूनच ओरडले, "मला घेता येत नाही आता! नव्याकडे जा!" ती दोनदा बोलायला गेली, खोकल्यापुढे त्यांना काही ऐकू गेलं नाही. शेवटी पुरचुंडी उंबऱ्यावर ठेवून ती मला म्हणाली, "मास्तर, इकाया नाय आले. बाळहिरडा हाय. इतकी वर्सं खोकतायत, कुनी दिला नाय जनू. तोंडात धरा म्हनावं."

मी आत जाऊन सांगितलं, तसे मक्तेदार अनवाणी धावले, पार नदीपर्यंत. वाट रिकामी होती. परत येऊन ओट्यावर बसले. "नाव काय हो तिचं?" मला ठाऊक नव्हतं. "पंधरा वर्षं माझ्या तागडीसमोर उभी राहिली, मास्तर. नाव विचारलं नाही मी."

मग दर बाजाराला ते रस्त्यात उभे राहून बायकांचे चेहरे बघत. ती काही दिसली नाही.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. शेवटचे आठ दिवस भिंतीपलीकडचा खोकला मी नुसता ऐकत होतो. उशाशी पुरचुंडी सापडली. आत एकच हिरडा उरला होता. तेवढा त्यांनी तोंडात धरला नव्हता.