चांगलं पाणी

समुद्रकाठच्या खडकांवर वाटाण्याएवढी करडी गोगलगाय राहते. ओहोटीला ऊन तापले की ती अंग आत ओढते आणि शंखाचे तोंड नखासारख्या पातळ झाकणाने बंद करते. आत राहिलेल्या थेंबभर समुद्रावर ती कित्येक दिवस तग धरते. शाळेत विज्ञान शिकवताना तिची आकृती मी फळ्यावर अनेकदा काढली. जिवंत पाहिली ती मात्र निवृत्तीनंतर, कुकटपल्लीतल्या आमच्या स्वयंपाकघरात.

माझी नात सुटीत रत्नागिरीला माझ्या धाकट्या बहिणीकडे गेली होती. येताना तिने रिकामे समजून मूठभर शंख डब्यातून आणले, आणि आठवण म्हणून समुद्राच्या पाण्याची एक बाटली. ओट्यावर ठेवताच त्यांतला एक चालू लागला. "आज्जी, इसमें कोई है!" ती ओरडली. तिचे वडील रविवारी कामासाठी पुन्हा रत्नागिरीला जाणार होते. त्यांच्याबरोबर सगळ्यांना परत खडकावर पाठवायचे, असे तिने ठरवले. तोवर त्यांना जगवायचे होते.

दुसऱ्या दिवशी मी लग्नाला नांदेडला गेले. मागे बहिणीने फोनवर नातीला बजावले, "चांगल्या पाण्यात ठेव हो, बाळा." म्हणजे बाटलीतल्या. नातीने निरोप जसाच्या तसा आईला दिला. आमच्या घरात मात्र 'चांगलं पाणी' म्हणजे पिण्याचे पाणी. इथल्या तेलुगूतले 'मंचि नीळ्ळु' आम्ही कधीच मराठी करून टाकले आहे. माझ्या मुलीने फिल्टरचे पाणी भांड्यात घेतले, शंख त्यात बुडवले, आणि बाटलीतले गढूळ पाणी मोरीत ओतून बाटली घासून पालथी घातली.

मी परतले तेव्हा सगळी झाकणे घट्ट बंद होती.

"चांगलंच पाणी होतं, आई. नळाचं नव्हतं," मुलगी म्हणाली. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून, "मीठ घालू का?"

"लोणचं नाही घालायचं आपल्याला," मी म्हणाले, आणि शंख उपसून ओल्या फडक्यावर ठेवले.

नातीला मी खूण समजावली. झाकण जिवंत स्नायूने ओढून धरलेले असते. बोट लावताच जो आत जाईल, तो जिवंत. स्नायू गेला, की झाकण आपोआप सुटते. ती मान डोलवत होती. तिचे लक्ष फडक्याकडे होते.

शनिवारी दुपारी स्वयंपाकघरात एक वास आला. अगदी मंद. मुलीने फ्रिज उघडून पाहिला, कचऱ्याची बादली पाहिली.

"आज्जी, दार उघडलं! जल्दी आ!"

मी गेले. सगळीच झाकणे सैल झाली होती. एका शंखाबाहेर मऊ, राखाडी काहीतरी लोंबत होते. मी शिकवल्याप्रमाणे नातीने त्याला हलकेच बोट लावले, आणि थांबली. पुन्हा लावले.

"देख ना," ती हसून म्हणाली, "अब मला घाबरतच नाही."